रसायनं साठवताना कशाशेजारी काय ठेवू नये

कारखान्यात किंवा प्रयोगशाळेत रसायनं बहुतेकदा अक्षरक्रमाने लावलेली असतात, नाहीतर जागा मिळेल तिथे कोंबलेली. दोन्ही पद्धती धोक्याच्या आहेत. मांडणी ठरवताना एकच प्रश्न विचारायचा: या दोन बाटल्या एकाच वेळी फुटल्या, तर जमिनीवर काय तयार होईल?

आधी यादी करा. प्रत्येक बाटली, डबा आणि ड्रमचं नाव, प्रमाण, जागा आणि आणल्याची तारीख लिहा. सफाईचं कपाट यादीतून हमखास सुटतं, ते मुद्दाम उघडून पाहा. मग प्रत्येक मालाचं सुरक्षा माहितीपत्रक पुरवठादाराकडून मागवा. त्यात 16 विभाग असतात. साठवण कशी करायची ते 7व्या विभागात आणि कशाशी संपर्क टाळायचा ते 10व्या विभागात मिळतं. लेबल निघालेली, आत काय आहे ते कोणालाच नक्की ठाऊक नसलेली बाटली वेगळी काढा आणि धोकादायक कचऱ्यात पाठवा. वास घेऊन ओळखायला जाऊ नका.

आता गट पाडा: ज्वलनशील द्रव, आम्लं, अल्कली, ऑक्सिडायझर (दुसऱ्या पदार्थांना पेटवणारे किंवा आग भडकवणारे), विषारी पदार्थ, पाण्याशी पेटणारे पदार्थ आणि गॅस सिलिंडर. ब्लीचमध्ये आम्ल मिसळलं की क्लोरीन सुटतो, अमोनिया मिसळला की क्लोरामाइन. सायनाइडवर आम्ल सांडलं तर हायड्रोजन सायनाइड, सल्फाइडवर सांडलं तर हायड्रोजन सल्फाइड. हे सगळे वायू जीव घेऊ शकतात. म्हणून या जोड्या वेगवेगळ्या कपाटांतच हव्यात. एकाच कपाटात वरखाली ठेवणं म्हणजे वेगळं ठेवणं नव्हे, कारण वरची गळती खालीच येते.

सगळ्यात जास्त फसवणारी जोडी नायट्रिक आणि ॲसेटिक आम्लाची. दोन्हींच्या लेबलवर ‘आम्ल’ लिहिलेलं, म्हणून दोन्ही एकाच फळीवर जातात. पण नायट्रिक जोरदार ऑक्सिडायझर आहे, आणि शुद्ध ॲसेटिकचा फ्लॅश पॉइंट (ज्या तापमानापासून द्रवाची वाफ ठिणगीने पेटू शकते) साधारण 39 अंश सेल्सिअस, म्हणजे ते ज्वलनशील आहे. ॲसेटिक ज्वलनशील द्रवांच्या कपाटात न्या, नायट्रिकला स्वतंत्र ट्रे द्या.

आम्लांच्या वाफेने लोखंडी मांडणी गंजते, आणि बऱ्याचदा गंज आधी फळी पेलणाऱ्या क्लिपांना लागतो. वरून फळी ठीक दिसते आणि एक दिवस बाटल्यांसकट खाली येते. आम्लांसाठी प्लास्टिकची फळी वापरा, पुढे काठ असलेली. दाहक द्रव डोळ्यांच्या उंचीखाली ठेवा, आणि द्रव नेहमी पावडरींच्या खालच्या फळीवर.

ड्रमखालच्या ट्रेची क्षमता सर्वांत मोठ्या भांड्याच्या 110 टक्के किंवा एकूण साठ्याच्या 25 टक्के, यांपैकी जे जास्त असेल तेवढी धरा. 200 लिटरचा एक ड्रम असेल तर 220 लिटर, असे सहा असतील तर 300 लिटर. ट्रे उघड्यावर असेल तर त्यात पाणी साचून जागा कमी होते, तो वेळच्या वेळी रिकामा करा.

भांडंही जपून निवडा. हायड्रोफ्लोरिक आम्ल काच खातं, ते पॉलिथिलीनमध्ये ठेवा. कॉस्टिक सोडा ॲल्युमिनियमशी क्रिया करून हायड्रोजन सोडतो. हायड्रोजन पेरॉक्साइडच्या बाटलीला वायू बाहेर सोडणारं झाकण लागतं, नाहीतर आत ऑक्सिजनचा दाब वाढून ती फुगते आणि फुटते.

ॲसिटोनचा फ्लॅश पॉइंट उणे 20 अंशांच्या आसपास आहे. म्हणजे फ्रिजच्या थंडीतही त्याची वाफ पेट घेऊ शकते, आणि घरगुती फ्रिजच्या थर्मोस्टॅटमध्ये ठिणगी उडते. ज्वलनशील द्रव अशा फ्रिजमध्ये अजिबात नको. शिवाय ही वाफ हवेपेक्षा जड असते, जमिनीलगत पसरत दूरच्या ठिणगीपर्यंत पोचते. हवा बाहेर काढण्याची झडप म्हणूनच खालच्या बाजूलाही हवी. ओतताना स्थिर विजेची ठिणगी पडू शकते, म्हणून धातूच्या ड्रममधून ओतताना ड्रम आणि डबा तारेने जोडा, ड्रमला अर्थिंग द्या. क्लिप रंगावर लावली तर जोड होत नाही. तिथला रंग खरवडा.

इथर आणि टेट्राहायड्रोफ्युरान उघडल्यावर हवेशी क्रिया होऊन त्यांत स्फोटक पेरॉक्साइड बनतात. बाटलीवर आणल्याची आणि उघडल्याची, दोन्ही तारखा लिहा. झाकणाभोवती स्फटिक दिसले तर झाकण फिरवू नका, बाटली हलवूही नका. सगळ्यांना बाहेर काढा आणि तज्ज्ञांना बोलवा.

सिलिंडर उभे आणि साखळीने बांधलेले हवेत. वापरात नसतील तेव्हा झडपेवर टोपी हवी. ऑक्सिजन आणि इंधनवायू यांच्यात किमान 6 मीटर अंतर ठेवा, नाहीतर मध्ये अर्धा तास आग सोसणारी दीड मीटर उंच भिंत. ऑक्सिजनच्या झडपेला तेलाचा हात लागू देऊ नका. रिकामे सिलिंडरही याच नियमाने ठेवा, कारण त्यांत थोडा वायू उरतोच.

आठवड्यातून एकदा टॉर्च घेऊन फेरी मारा: झाकणांवरचे थर, फुगलेल्या बाटल्या, ट्रेमधला ओलावा, पुसट लेबलं आणि फळीखालच्या क्लिपा.