भुताआधी फेरफार बघा

पछाडलेल्या वाड्याची इंग्रजी कादंबरी हाती आली की आमच्या अंबाजोगाईच्या वाचनालयातली पोरं आधी भूत शोधतात. माझी उभी नोकरी तहसीलच्या रेकॉर्ड रूममध्ये गेली, त्यामुळे मी आधी घराचे कागद काढतो, म्हणजे मालकी कुणाकडून कुणाकडं गेली त्या फेरफारच्या नोंदी. घर कुणी बांधलं, पैसा कुठून आला, त्या पैशासाठी कोण राबलं, हे वहीत लिहीत जा. भूत काय, कुठं पळून जात नाही. आणि लाईट गेल्यावर मेणबत्तीत वाचा वगैरे सल्ले सोडून द्या, डोळ्यांना ताण येतो.

सिल्विया मोरेनो-गार्सियाची 'मेक्सिकन गॉथिक' (२०२०) घ्या. काळ १९५० चा. बहिणीचं घाबरंघुबरं पत्र आल्यावर नोएमी डोंगरातल्या डॉइल घराण्याच्या हवेलीत जाते. घराणं इंग्रज, पैसा चांदीच्या खाणीचा, खाण आता बंद. या लोकांनी इंग्लंडहून मातीसुद्धा आणलेली! फुलं नीट यावीत म्हणून, असं कारण मिळतं. ते ऐकून घ्या, पण वहीत त्यापुढं प्रश्नचिन्ह टाका. बुरशी दिसेल तिथंही टाका.

आता थोडा इतिहास, नाहीतर निम्मं पुस्तक हातातून निसटतं. मेक्सिको ही इंग्रजांची वसाहत कधीच नव्हती. स्पेनपासून तो १८२१ मध्ये सुटला आणि १८२४ पासून तिथल्या रेआल देल मोंते गावच्या चांदीच्या खाणींत इंग्रजी भांडवल शिरलं, पाठोपाठ इंग्लंडातल्या कॉर्नवॉलचे खाणकामगार आले. तिथं इंग्रजांची दफनभूमी आजही आहे. राज्य एकाचं आणि नाड्या दुसऱ्याच्या हातात, हे मराठवाड्याच्या माणसाला वेगळं शिकवायला नको. आपल्यावर राज्य निजामाचं, पण त्याच्याच पैशानं पोसलेल्या कंटिन्जंट फौजेवर अधिकारी इंग्रज, आणि तिच्या खर्चापायी १८५३ मध्ये वऱ्हाड निजामाच्या हातून गेलं. आमचं गाव तेव्हा मोमिनाबाद. त्या फौजेचं घोडदळ इथंच असायचं.

सगळ्यात सावकाश वाचायची ती जेवणाची पानं. या घरात जेवताना बोलायचं नाही असा दंडक आहे. नोकर तर मुके असल्यासारखेच वावरतात. म्हातारा डॉइल मात्र पहिल्याच भेटीत नोएमीला, तू बहिणीपेक्षा बरीच काळी आहेस, असं सुनावतो आणि वंशाच्या गप्पा काढतो. अंगावर काटा यायला सुरुवात इथंच व्हायला पाहिजे. नंतर भिंतींत जे काही दिसतं, त्याचं मूळ याच बोलण्यात आहे.

आमच्या रेकॉर्डातल्या १९५४ च्या खासरा पाहणीत, म्हणजे शेतजमिनीच्या सरकारी नोंदवहीत, मालक एक आणि प्रत्यक्ष कसणारा दुसराच, अशा नोंदी सापडतात. मी पहिल्यांदा दुसऱ्या नावावर बोट ठेवायचो. कादंबरीतही तेच करा. खाणीत मेलेल्या मजुरांविषयी घरातले एका वाक्यात सांगून मोकळे होतात, गावातले लोक वेगळं सांगतात. दोन्ही जबान्या समोरासमोर लिहा.

शेवटचा भाग एका बैठकीत संपवा, तिथं वही मिटून ठेवली तरी चालेल. आणि पुस्तक वाचनालयाचं असेल तर खुणा वहीतच करायच्या बरं का, समासात नाही.