बिल्डरूटला लायब्ररी पाठवण्याआधी: एकदा तोंडावर पडल्यावर केलेली यादी

लिबमानस_इन्स्टॉल_स्टेजिंग = येस.

ही ओळ आधी लिही. दुसरं काहीही करण्याआधी .एमके फाइल (लायब्ररी कशी बांधायची ते बिल्डरूटला सांगणारी) उघड आणि ही ओळ टाक. (फाइलमध्ये अर्थात सगळं रोमन कॅपिटल्समध्ये.) मग चहा पी, मग पुढचं वाच.

माझा मावसभाऊ फर्मागुढीला इंजिनिअरिंग करतो. चवथीला घरी आला तेव्हा गणपतीवरची माटोळी बांधता बांधता म्हणाला, "ताई, बिल्डरूटला लायब्ररी पाठवायची तर काय काय लागतं?" शिडीवर उभी राहून जे सुचलं ते सांगितलं. त्यातलं निम्मं तो वड्यापर्यंतही लक्षात ठेवणार नाही, म्हणून हे लेखी. लिबमानस हे नाव उदाहरणापुरतं. मी पाठवलेली लायब्ररी अशीच चिमुकली होती. खाजन शेतीच्या मानशीजवळ (भरतीचं खारं पाणी अडवणारं दार) पाण्याचा खारेपणा मोजणारा सेन्सर, त्याला जोडलेला छोटा एआरएम बोर्ड, आणि त्या दोघांमध्ये बोलणारं हजारभर ओळींचं सी. बोर्डाची सगळी लिनक्स प्रणाली मी माझ्या मशीनवर बिल्डरूट या साधनाने बांधते, कारण बोर्डावर कंपाइल करायचं म्हटलं तर पुढची चवथ उजाडेल.

आधी बघ की ती लायब्ररी बिल्डरूटमध्ये आहे का. असते, बऱ्याचदा. नसेल तर पॅचवर्कमध्ये (पाठवलेले पॅच जिथे दिसतात ती साइट) शोध, कुणीतरी दोन वर्षांपूर्वी पाठवून सोडून दिलेली असते. ती उचलली तर मूळ माणसाचं नाव राहू दे.

मशीनबद्दल फार सांगत नाही. डिस्क भरपूर मोकळी ठेव. फोल्डरच्या नावात स्पेस नको. रूट होऊन बांधू नको. डाउनलोडचं फोल्डर बिल्डरूटच्या झाडाबाहेर ठेव, नाहीतर कंटाळून एकदा डिस्टक्लीन (सगळं पुसून टाकणारी कमांड) करशील आणि उतरवलेलं सगळं पुन्हा उतरवत बसशील. टूलचेन (बोर्डासाठीचा कंपाइलर आणि त्याचा लवाजमा) स्वतः बांधू नको, तयार घे. पावसाळ्यात आमच्याकडे फोंड्यात रात्री वीज गेली की परत कधी येईल ते इन्व्हर्टरलाही ठाऊक नसतं. दोन वेळा अर्धवट बांधलेल्या जीसीसी कंपाइलरवर रात्र घालवल्यावर मी तयार टूलचेनवर आले. आणि मेकला जे-आठ वगैरे लावू नको, प्रत्येक पॅकेज बांधताना बिल्डरूट प्रोसेसरचे सगळे कोअर आपणहून वापरतं.

आता मूळ लायब्ररीची मेकफाइल वाच. नुसती चाळू नको. ज्यांनी ती लिहिली त्यांनी ती आपल्या लॅपटॉपसाठी लिहिलेली असते. सीसीसमोर थेट जीसीसी, कुठेतरी मार्च-नेटिव्ह, शेवटी एलडीकॉन्फिग, मध्येच बांधलेला प्रोग्राम चालवून बघण्याची हौस. तो प्रोग्राम एआरएमचा, तुझं मशीन इंटेलचं, तो चालणार कसा? बिल्डरूटचे टार्गेट_कॉन्फिगर_ऑप्ट्स पास केलेस की कंपाइलर बदलतो, पण बाकीच्या खोडी हाताने काढाव्या लागतात. डब्ल्यू-एरर (वॉर्निंगलाही चूक धरणारा पर्याय) दिसला तर काढ. तुझ्या कंपाइलरला न दिसलेली वॉर्निंग दुसऱ्याच्या कंपाइलरला दिसते आणि बिल्ड तिथे मरतो. बांधून झाल्यावर .एसओवर (बांधलेली लायब्ररी) फाइल कमांड चालव. एआरएम दिसायला हवं. एक्स८६-६४ दिसलं तर मुकाट्याने मागे फिर.

मेकफाइल दुरुस्त करायला पॅच लागला तर तो आधी लायब्ररीच्या मूळ लेखकाला पाठव आणि त्या पत्त्याची अपस्ट्रीम ओळ पॅचच्या डोक्यावर लिही. ती नसेल तर चेक-पॅकेज (बिल्डरूटची फाइली तपासणारी स्क्रिप्ट) ओरडतं. ओरडू दे म्हणून सोडू नको.

फाइली तीन. कॉन्फिग.इन, .एमके आणि .हॅश. वरच्या पॅकेज/कॉन्फिग.इनमध्ये सोर्सची ओळ घालायला विसरू नको, तीही वर्णानुक्रमाने आणि योग्य मेन्यूत. माझी लायब्ररी हार्डवेअरच्या मेन्यूत गेली. मदतीच्या मजकुराआधी एक टॅब आणि दोन स्पेस, शेवटी प्रकल्पाचा पत्ता. आवृत्ती म्हणजे टॅग, मास्टर शाखा नव्हे, कारण मास्टर उद्या वेगळी असेल आणि हॅश जुळणार नाही. हॅश (उतरवलेली फाइल तीच आहे का ते तपासणारा आकडा) एसएचए-२५६, आणि हॅश फाइलमध्ये रकान्यांमध्ये दोन स्पेस. लेखकाने स्वतः चढवलेला टारबॉल असेल तर तोच घे. २०२३ च्या जानेवारीत गिटहबच्या आपोआप बनणाऱ्या टारबॉलचं कॉम्प्रेशन बदललं होतं. आतला कोड तोच, पण हॅश वेगळे, आणि ठिकठिकाणचे बिल्ड पडले. बदल मागे घेतला गेला, पण धडा मिळाला.

परवाना सोर्सच्या डोक्यावरचा मजकूर वाचून ठरव, रीडमीवरून नाही. जीपीएल-२.० ओन्ली आणि ऑर-लेटर यात फरक आहे. परवान्याच्या फाइलचाही हॅश दे.

स्टेजिंग. लिहिलीस ना ती ओळ?

ही गोष्ट नीट समजून घे, मी समजून न घेतल्यामुळेच फसले. बिल्डरूटमध्ये तुझी लायब्ररी दोन ठिकाणी जाऊ शकते. टार्गेट म्हणजे बोर्डावर जाणारं फाइलींचं झाड. तिथे .एसओ पुरते. हेडर, .ए फाइली, पीकेजी-कॉन्फिगच्या .पीसी फाइली तिथे ठेवल्यास तरी शेवटी बिल्डरूट त्या उडवतं, कारण बोर्डावर कुणी कंपाइल करणार नाही. स्टेजिंग म्हणजे तुझ्या मशीनवरचं स्वयंपाकघर. दुसरं कुठलंही पॅकेज तुझ्या लायब्ररीवर बांधायचं असेल तर त्याला हेडर तिथेच सापडायला हवेत. ताटात नारळाची चटणी वाढतात, विळी नाही वाढत, पण विळीशिवाय चटणी होत नाही. बिल्डरूट न सांगता टार्गेटमध्ये इन्स्टॉल करतं. स्टेजिंगमध्ये न सांगता करत नाही. साध्या प्रोग्रामला स्टेजिंग लागत नाही, म्हणून मूळ उत्तर नो. लायब्ररीला लागतं. लायब्ररीला नेहमी लागतं.

माझी मेकफाइल साधी, म्हणून जेनेरिक-पॅकेज वापरलं. त्यात स्टेजिंगच्या कमांड मी नीट लिहिल्या होत्या. हेडर कॉपी कर, .एसओ कॉपी कर, .पीसी कॉपी कर. सहा ओळी, देखण्या. आणि वरची येस म्हणणारी ओळ नाही. अशा वेळी बिल्डरूट त्या सहा ओळींना हातही लावत नाही. चूक दाखवत नाही, वॉर्निंग देत नाही. मानस बांधली, दार बसवलं, आणि ओहोटीला दार उघडतंय का ते कुणी पाहिलंच नाही, तसं. फाइल वाचणाऱ्यालाही वाटतं स्टेजिंगचं झालंय, कारण कमांड समोर दिसतात. मी स्वतः ती फाइल चार वेळा वाचली.

तरी या लायब्ररीवर चालणारा माझा प्रोग्राम बांधला गेला होता, हेच खरं दुखणं. महिनाभर आधी, पॅकेज लिहायच्या आधी, प्रयोग करताना मी हेडर हाताने स्टेजिंगमध्ये कॉपी केले होते. विसरून गेले. नंतर पॅकेज लिहिलं, मेक लिबमानस-डर्क्लीन केलं, पुन्हा बांधलं, सगळं हिरवं. डर्क्लीन फक्त त्या पॅकेजचं बिल्ड फोल्डर पुसतं. स्टेजिंगमध्ये आणि टार्गेटमध्ये पडलेल्या फाइली तशाच राहतात. हे मॅन्युअलमध्ये आहे. मी मॅन्युअल वाचलं होतं, असा माझा समज होता.

तर पाठवण्याआधी मेक क्लीन. डर्क्लीन नाही, क्लीन. मग पूर्ण बांध. वेळ लागतो, लागू दे, त्या वेळात बाजार करून ये. मग फाइंड आउटपुट/स्टेजिंग/ लावून तुझा हेडर शोध. शेवटची तिरकी रेघ विसरू नको. स्टेजिंग ही सिमलिंक (दुसऱ्या फोल्डरकडे बोट दाखवणारी फाइल) आहे, रेघ नसेल तर फाइंड आत शिरतच नाही, काहीच सापडत नाही आणि तू उगाच घाबरतोस. हेडर सापडला पाहिजे, .पीसी सापडली पाहिजे. मग दहा ओळींचा प्रोग्राम लिही, जो तुझ्या लायब्ररीचं एकच फंक्शन बोलावतो, आणि तो बिल्डरूटच्याच कंपाइलरने बांध. तो बांधला गेला तर स्टेजिंग आहे. नाहीतर नाही. दुसरा पुरावा मी मानत नाही.

"टेस्ट-पीकेजी (वेगवेगळ्या टूलचेनवर पॅकेज बांधून बघणारी स्क्रिप्ट) चालवलं, सगळीकडे ओके आलं" असं मला सांगू नको. मलाही आलं होतं. टेस्ट-पीकेजी तुझं पॅकेज बांधतं का एवढंच बघतं. त्यावर दुसरं कुणी बांधू शकतं का हे ते बघत नाही. स्टेजिंगशिवायची लायब्ररी उत्तम बांधली जाते. कुणाच्या उपयोगाची नसते एवढंच.

टेस्ट-पीकेजी चालवायचं मात्र आहेच, दुसऱ्या कारणांसाठी. तुझ्याकडे ग्लिबसी ही सी लायब्ररी आहे, जगात मसल आणि यूसीलिबसी-एनजी पण आहेत. बॅकट्रेससाठी एक्सेकइन्फो.एच वापरलास तर मसलवर पडशील, तिथे तो हेडरच नाही. फोर्क वापरलास तर एमएमयू (मेमरी सांभाळणारा भाग) नसलेल्या प्रोसेसरवर पडशील. डीएलओपन असेल तर नुसत्या स्टॅटिक बिल्डवर पडशील. हे सगळं कॉन्फिग.इनमध्ये डिपेंड्स ऑनने सांगायचं. आणि आपली लायब्ररी दुसऱ्या लायब्ररीला सिलेक्ट करत असेल तर तिच्या अटी आपल्याकडे पुन्हा लिहाव्या लागतात, कारण सिलेक्ट त्या अटी बघत नाही, डोळे मिटून लावतो. थ्रेड नाहीत म्हणून लायब्ररी दिसत नसेल तर ते सांगणारी कॉमेंटची ओळही ठेव. .एमकेमधल्या डिपेंडन्सीजमध्येही तीच नावं. ती राहिली तरी कधी कधी बांधलं जातं, कारण दुसरी लायब्ररी योगायोगाने आधी बांधलेली असते. पर-पॅकेज डिरेक्टरीज (प्रत्येक पॅकेजला वेगळं फोल्डर देणारा पर्याय) चालू करून एकदा बांध, योगायोग उघडा पडतो.

टेस्ट-पीकेजीचा निकाल वाचताना स्किप्ड हा शब्द बघ. कॉन्फिगच्या तुकड्यात एक अक्षर चुकलं की सगळ्या टूलचेन स्किप्ड होतात, लाल काहीच दिसत नाही, आणि माणूस खूश. ओके किती आले ते मोज. आधी निवडक टूलचेनवर, मग धीर असेल तर सगळ्यांवर.

मग चेक-पॅकेज. त्याचं ऐक.

डेव्हलपर्स फाइलमध्ये आपलं नाव आणि पॅकेजचा मार्ग. घाबरू नको, पण नाव घातल्यावर ऑटोबिल्डरवर (सतत पॅकेजं बांधून बघणारी बिल्डरूटची मशीनं) तुझं पॅकेज पडलं की मेल तुलाच येतो, तेव्हा परीक्षेच्या आठवड्यातही उघडायची तयारी ठेव.

कमिट एकच, शीर्षक "पॅकेज/लिबमानस: न्यू पॅकेज" याच साच्यात. साइन्ड-ऑफ-बाय खऱ्या नावाने. पुल रिक्वेस्ट नाही, मेलिंग लिस्टवर गिट सेंड-ईमेल. आधी स्वतःला पाठवून बघ.

वेळ बघ. बिल्डरूटच्या आवृत्त्या साधारण फेब्रुवारी, मे, ऑगस्ट, नोव्हेंबरअखेर निघतात आणि तो महिनाभर मुख्य शाखा गोठलेली असते. मी जुलैअखेर पाठवलं. तपासणाऱ्याने माझ्या लायब्ररीवर काहीतरी बांधून बघितलं, हेडर सापडला नाही, त्याने एका ओळीत विचारलं. बरोबरच होतं. तोवर ऑगस्ट लागला. एक ओळ घालून पॅच पुन्हा पाठवला, तो नेक्स्टमध्ये (पुढच्या आवृत्तीच्या शाखेत) गेला आणि नोव्हेंबरच्या आवृत्तीत बाहेर आला. तोपर्यंत मानशीवरचा बोर्ड माझ्या खासगी बिल्डरूटच्या झाडावरून चालला.

उत्तर आलं नाही तर दोनेक आठवडे थांब, मग नम्रपणे आठवण कर. बदल मागितले तर व्ही-दोन, काय बदललं ते तीन डॅशांच्या खाली. वाद घालू नको, निदान स्पेसवरून तरी.

आणि पाठवायच्या क्षणी, एंटर दाबण्याआधी, .एमकेवर ग्रेप इन्स्टॉल_स्टेजिंग. दोन ओळी दिसल्या पाहिजेत: डिफाइनची एक आणि येसची एक. मला एकच दिसली असती, पण मी ग्रेप केलंच नव्हतं.