जुन्या ट्रकमध्ये दुसरं इंजिन बसवताना जागा कशी काढायची

जुन्या पिकअपचं बॉनेट उघडलं की आत एवढी जागा दिसते की वाटतं काहीही बसेल. इंजिन साखळीवरून खाली सोडलं की मग कळतं, चेंबर (इंजिनाच्या तळाचं ऑइलचं भांडं) क्रॉसमेंबरवर म्हणजे फ्रेमच्या आडव्या पट्टीवर टेकतं, मागे डिस्ट्रिब्युटर (स्पार्क प्लगांना करंट वाटणारा भाग) फायरवॉलला म्हणजे इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्याला लागतो, एक्झॉस्ट नेमका स्टिअरिंग शाफ्टच्या वाटेत, आणि वैतागून हात ग्राइंडरकडे जातो. ग्राइंडर सध्या लांबच ठेवा.

इंजिनची जागा नेहमी खालून ठरवायची. बॉनेट, रेडिएटर, एअर क्लीनर हे सगळं बदलता येतं, पण क्रॉसमेंबर आणि स्टिअरिंगचे रॉड आहेत तिथेच राहणार. म्हणून पहिला प्रश्न चेंबरचा, त्याचा खोल भाग पुढे आहे की मागे ते बघा. शेवरलेटचं एलएस इंजिन ट्रकमधून काढलेलं असेल तर त्याचं चेंबर खोल असतं, जुन्या फ्रेममध्ये ते क्रॉसमेंबरला अडतं नाहीतर खाली लोंबत राहतं. शेवरलेटच्याच कॅमॅरो कारचं कमी खोलीचं चेंबर लावलं तर बऱ्याचदा काम होतं, फक्त ऑइल पिकअपची म्हणजे चेंबरमधून ऑइल ओढणारी नळी आणि डिपस्टिकसुद्धा त्याच सेटची घ्या, नाहीतर पंपाला ऑइलच मिळणार नाही. इंजिन इंचभर उचलून चेंबर सोडवायचा मोह होतो पण मग वर बॉनेट लागतं आणि प्रोपेलर शाफ्टचा (गिअरबॉक्सपासून मागच्या ॲक्सलपर्यंत जाणारा दांडा) अँगल बिघडतो तो वेगळाच. गिअरबॉक्सचा मागचा शाफ्ट आणि डिफरन्शियलचा पिनियन (मागच्या ॲक्सलमध्ये प्रोपेलर शाफ्ट जोडला जातो तो) एकमेकांना समांतर हवेत, आणि प्रत्येक जॉइंटवर साधारण 1 ते 3 डिग्रीचा अँगल राहू द्या, जास्त झाला तर स्पीडला गाडी थरथरते.

ट्रायल घेताना नुसता ब्लॉक ठेवून उपयोग नाही. हेड, एक्झॉस्ट, स्टार्टर, अल्टरनेटर, गिअरबॉक्स सगळं लावूनच बघा, कारण अडतात ती हीच बाहेर आलेली पार्टं. माउंटिंग अजून पक्कं वेल्ड करू नका, टाचे म्हणजे वेल्डिंगचे छोटे ठिपके मारून ठेवा. मग पुढच्या स्प्रिंग काढून सस्पेन्शन जॅकने बंप स्टॉपपर्यंत (चाकाला जास्त वर जाऊ न देणारा रबर) वर घ्या आणि स्टिअरिंग एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवा. उभ्या गाडीत चेंबर आणि टाय रॉडमध्ये (स्टिअरिंगने चाकं वळवणारा रॉड) छान फट दिसते, पण खड्ड्यात चाक वर आलं की हाच रॉड चेंबरला ठोकतो, हे बघितल्याशिवाय पुढे जाऊच नका.

वरची फट डोळ्याने कळत नाही. इंजिनाच्या सगळ्यात उंच जागी, एअर क्लीनरवर किंवा इनटेकवर (इंजिनात हवा नेणारा भाग), मऊ मातीचे म्हणजे मॉडेलिंग क्लेचे गोळे ठेवा, बॉनेट हळू लावून परत उघडा. गोळ्यावर बॉनेटच्या आतल्या पट्टीचा ठसा उमटलेला दिसेल, तिथेच ब्लेडने कापून जाडी मोजा. 20-25 मिलिमीटर तरी हवी, कारण रबर माउंटिंगवर इंजिन हलतं आणि जोरात रेस दिली की एका बाजूने उचललं जातं. कमी पडत असेल तर आधी बुटका इनटेक किंवा एअर क्लीनर शोधा, बॉनेट कापायचा विचार नंतर.

स्टिअरिंगसाठी एक्झॉस्टला ठोकून खड्डा पाडण्यापेक्षा शाफ्टचीच वाट बदला. डबल-डी म्हणजे दोन बाजू सपाट असलेला शाफ्ट आणि युनिव्हर्सल जॉइंट वापरून तो वळवता येतो, पण तीन जॉइंट झाले की मध्ये सपोर्ट बेअरिंग पाहिजेच पाहिजे, नाहीतर शाफ्ट मधेच उडायला लागतो. हे स्टिअरिंग आहे, इथे जुगाड नको. इंजिन उजवीकडे-डावीकडे थोडं सरकवलं तरी चालतं, कंपन्यासुद्धा स्टिअरिंगला जागा म्हणून असं करायच्या, फक्त सरकवताना तिरकं होऊ देऊ नका.

ब्रेक बूस्टर (ब्रेक पेडलचा जोर वाढवणारा गोल डबा) व्हॉल्व्ह कव्हरला लागत असेल तर 7 इंची डबल डायफ्रामचा घ्या, किंवा पॉवर स्टिअरिंगच्या पंपावर चालणारा हायड्रॉलिक बूस्टर, तो बराच लहान असतो. पुढे पंखा आणि रेडिएटरमध्ये इंचभर तरी अंतर हवं, नसेल तर रेडिएटरच्या मागे पातळ इलेक्ट्रिक पंखा लावा, हवा ओढणारा, ढकलणाऱ्यापेक्षा तो जास्त काम करतो. अल्टरनेटर खाली फ्रेमला अडला तर वर घेणारं ब्रॅकेट लावायचं.

फायरवॉल सगळ्यात शेवटी. आधी लहान कॅपचा डिस्ट्रिब्युटर लावून बघा, माउंटिंग थोडं पुढे घेऊन बघा. तरीही कापायचीच वेळ आली तर आतल्या बाजूला पेडल, हीटर, वायपर कुठे आहेत ते आधी तपासा, आणि खाच इंजिनापेक्षा मोठी ठेवा, डिस्ट्रिब्युटर फिरवून टायमिंग करायला हात गेला पाहिजे.

फायनल वेल्डिंगच्या आधी, इंजिन आत असतानाच, सगळ्यात मागच्या स्पार्क प्लगला पाना लागतो का, स्टार्टरचे बोल्ट निघतात का, ऑइल फिल्टर खाली ओढून काढता येतो का, हे स्वतः हात घालून बघा. ब्रेक पाइप आणि वायरिंग एक्झॉस्टपासून दोन इंच तरी लांब ठेवा, जमत नसेल तर मध्ये हीट शील्ड घाला. एवढं सगळं जमलं की मग माउंटिंगचे टाचे पक्के करा.