पिन गावठाणात, ऊस रानात

शेतकऱ्यांनी मोबाईलवर टाकलेल्या नोंदींवरून शेतात कुठलं काम कुठे, कधी होतं याचं मॉडेल करायचं, तेही पुण्यात बसून, जुन्नर-बारामती-इंदापूरचं. क्यूजीआयएस, म्हणजे नकाशांचं सॉफ्टवेअर, येतं असं धरतो. प्रोजेक्शन, म्हणजे नकाशाची मोजपद्धत, तेवढं आधी बदला, अंशांऐवजी मीटरमधलं ईपीएसजी ३२६४३ घ्या; अंशांतून गुंठे निघत नाहीत.

आता खरा खड्डा. नोंदीसोबत येणारं ठिकाण आणि वेळ कामाची नसते, नोंद केल्याची असते. रानात रेंज नाही, हात मातीचे. फोन हातात येतो रात्री जेवणं झाल्यावर, कधी चार दिवसांनी. नकाशावरची पिन पडते गावठाणात. रविवारी दहाजणांनी आठवडाभराचं एकदम भरलं की मॉडेल शिकतं, खुरपणी रविवारी होते! आलेख इतका सुबक येतो की शंकाच येत नाही. नंतर कुठल्याही फिल्टरने हे निघत नाही, कारण खरी तारीख कुठे लिहिलेलीच नसते. म्हणून फॉर्ममध्ये दोन रकाने हवेतच: काम कधी झालं आणि नोंद कधी केली. ठिकाण पिनने घेऊ नका. पहिल्या भेटीत बांधावरून चालून हद्द आखा, शेतकरी म्हणतो तेच नाव द्या, ‘विहिरीकडचं’, ‘चारीखालचं’, आणि पुढे यादीतून निवडू द्या. गट नंबरावर भागत नाही. एका गटात चार भावांचे वाटे असतात. फोन मोकळ्या आभाळाखालीही पाचेक मीटर चुकतो आणि गुंठा जेमतेम दहा बाय दहा मीटरचा.

डेटा आधीच गोळा झालाय? नोंदीचा तास आणि गावठाणापासूनचं अंतर मांडा. संध्याकाळी सातनंतर गावठाणातच ढीग दिसला तर पिना सोडून द्या. बाकीचं फेकू नका, कामांचा क्रम बहुतेक वेळा शाबूत असतो. तारखेऐवजी ‘नोंदीआधीच्या आठवड्यात कधीतरी’ असा पल्ला धरा.

दिवस कशापासून मोजायचे हेही ठरवा. लागणीच्या उसाची बाळबांधणी, मोठी बांधणी लागणीपासून; खोडव्याला, म्हणजे तोडलेल्या उसाच्या फुटव्यावर घेतलेल्या पिकाला, लागणच नाही, तिथे शून्य दिवस तोडणीचा. द्राक्षाला दोन: एप्रिलची खरड छाटणी, ऑक्टोबरची फळछाटणी. खरिपात तारखेपेक्षा वाफसा मोठा, म्हणजे पावसानंतर जमीन कामाजोगी कधी होते ते.

‘पाळी दिली’ म्हणजे पाण्याची की कुळवाची? पर्याय वेगळे ठेवा.

एका चारीवर सगळ्यांनी एकाच आठवड्यात पाणी दिलं, तर ते पिकाचं चक्र नाही, कालव्याचं आवर्तन आहे. हे कालव्याचं पाणी सोडणारा पाटकरी पाच मिनिटांत सांगतो. ‘आधी रँडम फॉरेस्ट (डेटावरून अंदाज बांधणारी संगणकी पद्धत) लावून बघ’ म्हणणाऱ्या सरांचं नंतर ऐका. उपग्रहाने सगळं सुटेल या भरवशावर तर राहूच नका: जमिनीची चित्रं घेणारा सेंटिनेल-२ दर पाच दिवसांनी येतो खरा, पण पावसाळ्यात ढगच दाखवतो.

नोंद नाही म्हणजे काम झालं नाही, असंही धरू नका. ‘केलं नाही’ हा पर्याय फॉर्ममध्ये वेगळा द्या.