संगणकावर संपर्क आणि कॅलेंडर सिंक करण्याचा पर्याय दिसत नसेल तर

कोथरूडमधील दवाखाना असो वा सदाशिव पेठेतील कर सल्लागाराचे कार्यालय, फोनमधील नावे-नंबर आणि भेटींच्या वेळा टेबलावरच्या संगणकावरही दिसाव्यात, एवढीच अपेक्षा असते. जीमेलचे खाते मायक्रोसॉफ्टच्या आउटलुक या मेल प्रोग्राममध्ये जोडले जाते, मेल येऊ लागतात, पण संपर्क आणि कॅलेंडर सिंक करण्याचा, म्हणजे दोन्हीकडे सारखे ठेवण्याचा, पर्याय कुठेच सापडत नाही. अशा वेळी खाते काढून पुन्हा जोडण्याचा सल्ला हमखास मिळतो. तो लगेच अमलात आणू नये. बहुतेक वेळा बिघाड काहीच नसतो. खाते ज्या पद्धतीने जोडले गेले, त्या पद्धतीत संपर्क आणि कॅलेंडर येतच नाहीत. खाते काढताना मात्र नोंदी खरोखरच जाऊ शकतात.

सर्वप्रथम ब्राउझरमध्ये गूगल कॉन्टॅक्ट्स आणि गूगल कॅलेंडर उघडून पाहावे. हवी ती नावे तिथेच नसतील, तर ती बहुधा फोनच्या मेमरीत किंवा सिमकार्डावर साठवलेली आहेत आणि दोष संगणकाचा नाही. ती आधी फोनमधून गूगल खात्यात हलवावी लागतील.

नावे तिथे असतील, तर खात्याचा प्रकार तपासावा. क्लासिक आउटलुकमध्ये, म्हणजे आउटलुकच्या जुन्या आवृत्तीत, 'फाइल' आणि पुढे 'अकाउंट सेटिंग्ज' उघडल्यावर खात्यांची यादी येते. तिच्यात नावासमोर 'टाइप' हा रकाना असतो. तिथे 'आयमॅप' लिहिलेले असेल, तर उत्तर मिळाले. आयमॅप ही फक्त मेल आणण्याची पद्धत आहे. कॅलेंडरसाठी कॅलडॅव्ह आणि संपर्कांसाठी कार्डडॅव्ह ही निराळी मानके अनुक्रमे 2007 आणि 2011 मध्ये प्रसिद्ध झाली, पण क्लासिक आउटलुक ती स्वतःहून वापरत नाही. आणखी एक खूण पाहावी: डावीकडील यादीत कॅलेंडरच्या नावापुढे 'धिस कम्प्युटर ओन्ली' असे शब्द असतील, तर त्यात भरलेल्या नोंदी केवळ त्याच संगणकावर आहेत.

म्हणूनच पुढची पायरी राखीव प्रत घेण्याची आहे आणि ती कोणत्याही कारणाने टाळू नये. 'फाइल', 'ओपन अँड एक्स्पोर्ट', 'इम्पोर्ट-एक्स्पोर्ट' या मार्गाने पीएसटी फाइल (आउटलुकची माहिती साठवणारी फाइल) तयार करून ती पेन ड्राइव्हवर ठेवावी. खाते काढले की त्याची संगणकावर साठवलेली माहितीही पुसली जाते, आणि वर सांगितलेल्या नोंदींची दुसरी प्रत कुठेच नसते.

आता योग्य मार्ग निवडावा. मोफत जीमेल खाते असल्यास नव्या आउटलुकमध्ये ते जोडल्यावर गूगलचे कॅलेंडर आणि संपर्कही येतात. मात्र तसे करताना ही माहिती मायक्रोसॉफ्टच्या क्लाउडमध्येही, म्हणजे त्या कंपनीच्या सर्व्हरवरही, साठवली जाते. रुग्णांची किंवा अशिलांची नावे सांभाळणाऱ्यांनी याचा विचार आधी करावा. त्यांच्यासाठी थंडरबर्ड हा दुसरा मेल प्रोग्राम माझ्या मते अधिक बरा पर्याय आहे, कारण तो कॅलडॅव्ह आणि कार्डडॅव्ह वापरून थेट गूगलशी जोडला जातो. गूगल परवानगी मागते त्या पानावर कॅलेंडर व संपर्कांसाठी वेगळ्या चौकटी दिसल्यास त्या रिकाम्या सोडू नयेत. क्लासिक आउटलुकच हवे असेल, तर गूगलचे अधिकृत सिंक साधन आहे, पण ते वर्कस्पेस या गूगलच्या संस्था-व्यवसायांसाठीच्या सेवेतील खात्यांसाठीच आहे. मोफत जीमेल खात्यावर ते चालत नाही.

आयफोन वापरणाऱ्यांची अडचण थोडी वेगळी असते. ॲपलच्या आयक्लाउड सेवेतील कॅलेंडर क्लासिक आउटलुकमध्ये एका ॲड-इनद्वारे (जोड-प्रोग्रामद्वारे) येते आणि नवे आउटलुक या प्रकारचे ॲड-इन स्वीकारत नाही. क्लासिकमध्येही पर्याय दिसत नसल्यास 'ऑप्शन्स'मधील 'ॲड-इन्स' उघडावे, खाली 'मॅनेज'समोर 'कॉम ॲड-इन्स' निवडून 'गो' दाबावे आणि आयक्लाउडसमोर खूण आहे का ते पाहावे. आउटलुक एखादे ॲड-इन आपोआप बंदही करते. ते 'मॅनेज'च्या त्याच यादीतील 'डिसेबल्ड आयटम्स'मध्ये सापडते.

हिंजवडीतील कंपनीने किंवा महाविद्यालयाने दिलेले खाते असेल आणि पर्याय पुसट दिसत असेल, तर तो बहुधा प्रशासकाने बंद केलेला असतो. तिथे आयटी विभागाला विचारणे हाच उपाय आहे.

नवी जोडणी झाल्यावर संगणकावर एक चाचणीची नोंद करून ती ब्राउझरमध्ये दिसते का, हे तपासावे. ती दिसली की मगच जुन्या नोंदी हलवाव्यात. कॅलेंडरसाठी क्लासिक आउटलुकमधील 'सेव्ह कॅलेंडर'ने आयसीएस (कॅलेंडरच्या नोंदींची) फाइल करून ती गूगल कॅलेंडरमध्ये इम्पोर्ट करावी. 'इम्पोर्ट-एक्स्पोर्ट'मधूनच काढलेली संपर्कांची सीएसव्ही फाइल (स्वल्पविरामांनी वेगळ्या केलेल्या नोंदींची साधी मजकूर फाइल) मात्र जपून हाताळावी लागते. ती नोटपॅडमध्ये उघडावी. मराठीत लिहिलेल्या नावांच्या जागी प्रश्नचिन्हे दिसली, तर विंडोजच्या 'रीजन' सेटिंगमध्ये युनिकोड यूटीएफ-8 चा पर्याय निवडून, संगणक पुन्हा सुरू करून फाइल नव्याने काढावी. ती एक्सेलमध्ये दुहेरी क्लिक करून उघडू नये. एक्सेल नंबरांना संख्या समजते, त्यामुळे पुण्याच्या 020 मधील पहिले शून्य गळून पडते आणि +91 ने सुरू होणारा मोबाइल नंबर 9.19E+11 अशा रूपात दिसू लागतो. तशीच फाइल सेव्ह झाली की खरे अंक परत मिळत नाहीत. इम्पोर्ट झाल्यावर लँडलाइनचे आणि मराठी नावांचे काही संपर्क उघडून पाहावेत आणि ते बरोबर असतील तरच आउटलुकमधील जुने आयमॅप खाते काढावे.