कार्ताहेनाला जाताय? मग या चुका टाळा

नोव्हेंबर संपत आला की मला एकाच गावाबद्दल फोन येऊ लागतात. "अगं, आम्ही कोलंबियात कार्ताहेनाला चाललोय, परवा निघतोय. काय काय बघू?" परवा निघणाऱ्याला मी काय सांगणार? जे सांगायचं ते तिकीट काढायच्या आधी सांगायचं असतं. म्हणून एकदाच सगळं लिहून ठेवते.

पिवळं कार्ड

माझी मावशी आणि काका पुण्याहून तीन महिने आमच्याकडे न्यू जर्सीला राहायला आले होते. जायच्या आधी एखादा समुद्र दाखवू म्हणून मी त्यांना चार दिवस कार्ताहेनाला नेलं. बुधवारी आम्ही परत आलो, गुरुवारी रात्री ते भारतात निघाले. विमानतळावर उतरल्यावर आरोग्य तपासणीच्या टेबलाशी विचारलं गेलं, गेल्या काही दिवसांत कुठे होतात? काकांनी सरळ कोलंबिया सांगितलं. पुढचा प्रश्न होता, यलो फीवरचं कार्ड? ते नव्हतं. मंगळवारपर्यंत दोघांना विलगीकरणात राहावं लागलं, आणि रविवारी त्यांच्या सख्ख्या नातवाची मुंज होती. भिक्षावळीला आजी नव्हती. मावशी मला एका शब्दानेही बोलली नाही, पण तिकिटं मी काढली होती आणि नियम मी वाचला नव्हता.

नियम असा आहे. पीतज्वराचा, म्हणजे यलो फीवरचा, धोका असलेल्या देशांच्या भारताच्या यादीत कोलंबिया आहे. तिथून निघाल्यापासून सहा दिवसांच्या आत भारतात उतरलात आणि लसीचं आंतरराष्ट्रीय प्रमाणपत्र जवळ नसलं, तर ते सहा दिवस पूर्ण होईपर्यंत तुम्हाला थांबवून ठेवता येतं. मधे अमेरिकेत किंवा युरोपात विमान बदललं म्हणून सुटका होत नाही. प्रमाणपत्र लस घेतल्यानंतर दहा दिवसांनी लागू होतं आणि मग जन्मभर चालतं. म्हणजे परवा निघणाऱ्याने आज टोचून घेऊन भागत नाही. साठीच्या पुढच्या माणसांना पहिल्यांदाच ही लस द्यायची, तर आधी डॉक्टरांशी नीट बोलावं लागतं, कारण त्या वयात दुष्परिणामांचा धोका वाढतो.

आता माझी पद्धत ठरलेली आहे. आधी कार्ड, मग तिकीट. कार्ड पासपोर्टच्या कव्हरमध्येच राहतं. पाहुणे वयस्कर असतील आणि डॉक्टर लस नको म्हणाले, तर कार्ताहेना त्यांच्या मुक्कामाच्या सुरुवातीला उरकते, म्हणजे भारतात जायच्या आधी सहा दिवस आरामात निघून जातात. "कोण विचारतंय" म्हणणारे लोक मला फार भेटतात. काकांना विचारलं.

कागदांचंच चाललंय तर आणखी थोडं. अमेरिकेचा किंवा युरोपचा शेंगेन व्हिसा असलेल्या भारतीयांना कोलंबियाचा वेगळा व्हिसा लागत नाही, पण तो व्हिसा पुढे १८० दिवस तरी वैध असावा लागतो. निघण्यापूर्वी वकिलातीच्या संकेतस्थळावर एकदा बघाच. एच-१बी वाल्यांनो, पासपोर्टवरचा व्हिसा संपलेला असेल तर जाऊ नका. कॅनडा-मेक्सिकोला जाऊन ३० दिवसांत परतणाऱ्यांना संपलेल्या व्हिसावरही अमेरिकेत शिरू देणारी सवलत कोलंबियाला लागू नाही. आणि तिकीट काढताना गाव कुठलं ते पाहा. स्पेनमध्येही कार्ताहेना आहे, आपल्याला हवं ते विमानतळ म्हणजे सीटीजी हा कोड असलेलं.

किल्ला भर दुपारी

दुसरी चूक मला जास्त टोचते, कारण ती करून आलेला माणूस म्हणतो, "किल्ला ठीक आहे, विशेष काही नाही."

सान फेलिपे दे बाराहास हा किल्ला ऊन डोक्यावर असताना चढला तर काहीच विशेष वाटणार नाही. हवा कोकणातल्या मे महिन्यासारखी, पारा तिशीच्या वर, सावली जवळजवळ नाही. लोक जुन्या शहरात सकाळभर फिरतात, जेवतात आणि एक-दीडला किल्ल्यावर पोचतात. मागच्या खेपेला आमच्याबरोबर एक कुटुंब होतं. त्यांनी हाच हट्ट केला, "बाकीचं सकाळी बघून घेऊ." त्यांच्या आजी अर्ध्या उतारावर चक्कर येऊन बसल्या. पाण्याची एकच बाटली होती, तीही मुलांनी संपवलेली. आम्ही त्यांना खाली आणलं, नारळपाणी पाजलं आणि टॅक्सीने हॉटेलवर सोडलं. किल्ला कुणीच पाहिला नाही.

मी दार उघडायच्या वेळेला तिथे असते. हेत्सेमानी वस्तीतून पायी पंधरा-वीस मिनिटं लागतात. आदल्या रात्री १७४१ ची गोष्ट बरोबरच्या सगळ्यांना सांगते, कारण ती माहीत नसेल तर समोर फक्त दगड दिसतात. चिमाजी अप्पांनी वसई घेतल्याला जेमतेम दोन वर्षं झाली होती, तेव्हा इकडे इंग्रज ॲडमिरल व्हर्नन १८० च्या आसपास जहाजं घेऊन या गावावर चालून आला. गावाच्या बाजूने सहा युद्धनौका, काही हजार माणसं आणि स्पॅनिश ॲडमिरल ब्लास दे लेसो. एक पाय गेलेला, एक डोळा गेलेला, एक हात निकामी. व्हर्ननला जिंकण्याची इतकी खात्री होती की त्याने विजयाची बातमी आधीच लंडनला धाडली, आणि ती पोचताच लेसो गुडघे टेकतोय अशी पदकंसुद्धा पाडली गेली. मग एप्रिलमध्ये याच टेकडीवरचा हल्ला फसला, आणि उरलेलं काम पीतज्वराने केलं. इंग्रज सैन्यात त्याने माणसं पटापट मेली. ज्या आजाराचं कार्ड तुम्ही पासपोर्टमध्ये घालून आणलंय, तोच हा आजार. हे ठाऊक असताना पोटातल्या भुयारांतून चाला, सकाळच्या गारव्यात, आणि मग सांगा विशेष काही नाही म्हणून.

एका दिवसात किल्ला, जुनं शहर आणि बेटं असा बेत आखणाऱ्यांना मी मदत करत नाही. तीन पूर्ण दिवस हवेतच.

फोटो काढून पळणं

टोपलीत फळं घेऊन, रंगीत झगे घालून उभ्या असलेल्या बायकांना पालेंकेरा म्हणतात. लोक न विचारता फोटो काढतात, त्या पैसे मागतात, आणि आपली माणसं "लुटायला बसल्यात" म्हणत निघून जातात. मला याचा राग येतो. गुलामगिरीतून पळालेल्या माणसांनी वसवलेल्या सान बासिलियो दे पालेंके या गावाचा वारसा त्या चालवतात. त्या गावाची स्वतःची भाषा आजही बोलली जाते. घड्याळाच्या मनोऱ्यातून आत शिरलं की लागणारा प्लासा दे लोस कोचेस हा चौक म्हणजे माणसांच्या विक्रीचा बाजार होता. त्या माणसांची सेवा करत सान पेद्रो क्लावेर या धर्मगुरूने आयुष्य घालवलं, त्याच्या अस्थी त्याच्या नावाच्या चर्चमध्ये वेदीखाली ठेवल्या आहेत. तिथे दहा मिनिटं बसा. मी त्या बायकांकडून आधी कापलेलं फळ घेते, दोन शब्द बोलते, मग फोटोचं विचारते आणि त्याचे पैसे वेगळे देते.

बाकीच्या, थोडक्यात

डॉलरची खूण दिसली की घाबरू नका, ती पेसो या तिथल्या चलनाचीही खूण आहे. ५०.००० म्हणजे पन्नास हजार पेसो, टिंब हजारासाठी असतं. विक्रेते नुसतं "सिंक्वेन्ता" म्हणतात, हजार गृहीत धरलेले असतात. टॅक्सीला मीटर नसतो, भाडं बसायच्या आधी ठरवा. किनाऱ्यावरच्या मालिशवाल्यांशीही तसंच, हात लावू देण्याआधी.

शहरातला किनारा करड्या वाळूचा आहे. पांढरी वाळू हवी तर बारू बेटावरच्या प्लाया ब्लांका या किनाऱ्याला जा, आणि रस्त्याने जा, पूल आहे. जानेवारी-फेब्रुवारीत दुपारी वारा चढतो आणि परतीची बोट असे दणके देते की पाठदुखीवाल्याने त्या वाटेला जाऊ नये. रोसारियो बेटांना मात्र बोटीशिवाय पर्याय नाही. सकाळची बोट घ्या, मागच्या बाजूला बसा आणि धक्क्यावरचं शुल्क वेगळं भरायची तयारी ठेवा.

ऑक्टोबर टाळा, सगळ्यात जास्त पाऊस तेव्हाच. ११ नोव्हेंबरच्या आसपास स्वातंत्र्याचा उत्सव असतो. गर्दी आवडत असेल तर जरूर जा, पण खोली खूप आधी घ्या.

शाकाहारी असाल तर नुसतं "वेहेतारियानो" म्हणून थांबू नका. कोंबडी आणि मासे अनेकांच्या लेखी त्यात बसतात, आणि राजमा डुकराच्या मांसाबरोबर शिजवलेला असू शकतो. "सिन कार्ने, सिन पोयो, सिन पेस्कादो", म्हणजे मांस नको, कोंबडी नको, मासे नकोत, हे कागदावर लिहून दाखवा. नारळभात आणि पाताकोन, म्हणजे कच्च्या केळ्याचे चेपून तळलेले काप, मागवा. नारळाचं लिंबू सरबत रोज घ्या. माझ्या सासूबाई तिथे चार दिवस याच तीन गोष्टींवर राहिल्या, आणि परतल्यावर आमच्याकडे नारळभात दर शनिवारी होतो.