सर्वेक्षणात धर्माची नोंद आणि वर्गवारी कशी करावी

नागपुरात घरोघरी जाऊन सामाजिक सर्वेक्षण करणाऱ्यांनी प्रश्नावली लिहिण्याआधीच ठरवावे की मोजायचे काय आहे : व्यक्ती स्वतःला कोणत्या धर्माची मानते, तिची श्रद्धा काय आहे, की ती कोणते विधी पाळते. ही तिन्ही उत्तरे एकाच माणसाची वेगवेगळी असू शकतात, म्हणून त्यांचे प्रश्नही वेगळे असावेत.

‘तुमचा धर्म कोणता?’ या प्रश्नात धर्म असतोच असे गृहीत धरलेले असते. इंग्लंड आणि वेल्समध्ये २०११च्या जनगणनेत ‘धर्म नाही’ असे सुमारे २५ टक्के लोकांनी सांगितले. ‘तुम्ही स्वतःला एखाद्या धर्माचे मानता का?’ अशा धर्तीवर विचारणाऱ्या तेथील सामाजिक सर्वेक्षणांत हे प्रमाण बरेच अधिक येत होते. त्यामुळे आधी ‘मानता का’ आणि होकार आल्यास ‘कोणता’ असे दोन टप्प्यांत विचारणे मला अधिक प्रामाणिक वाटते.

जात आणि धर्म यांची सरमिसळ मात्र कटाक्षाने टाळावी, आणि नागपुरात तर विशेषच. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १४ ऑक्टोबर १९५६ रोजी येथे लाखो अनुयायांसह बौद्ध धम्माचा स्वीकार केला, आणि १९९०पासून बौद्धांनाही अनुसूचित जातींचा दर्जा मिळतो. तेव्हा ‘अनुसूचित जाती’ असे उत्तर मिळाले म्हणून धर्माच्या रकान्यात परस्पर ‘हिंदू’ लिहिणे हा त्या माणसावर अन्याय आहे. आडनावावरून किंवा शाळेच्या दाखल्यावरूनही धर्म ठरवू नये. समोरची व्यक्ती सांगते तेच लिहावे. कुटुंबप्रमुखाचा धर्म सर्वांच्या नावे न लावता प्रत्येक सदस्याविषयी स्वतंत्रपणे विचारावे.

भारताच्या २०११च्या जनगणनेत हिंदू, मुस्लिम, ख्रिश्चन, शीख, बौद्ध आणि जैन या धर्मांना क्रमांक होते, तर इतर धर्मांचे नाव पूर्ण लिहायचे होते. हीच पद्धत अनुसरावी. एखाद्या गोंड कुटुंबाने ‘गोंडी’ किंवा ‘कोया पुनेम’ असे सांगितले, तर तेच शब्द जसेच्या तसे उतरवावेत. ‘इतर’ हा गट तक्ता तयार करताना करता येतो. नोंदीतच ‘इतर’ लिहिले तर मूळ उत्तर कायमचे हरवते.

संकेतांक देताना मूळ उत्तराचा रकाना तसाच ठेवावा. ‘धर्म नाही’, ‘सांगायचे नाही’ आणि ‘विचारलेच नाही’ यांना तीन वेगळे संकेतांक द्यावेत. काही नोंदी दोघांनी स्वतंत्रपणे वर्गीकृत करून मतभेद तपासावेत. एखाद्या प्रभागात मोजकीच कुटुंबे असलेल्या गटाचे आकडे शहर पातळीवरच प्रसिद्ध करावेत, म्हणजे कोणाची ओळख उघड होणार नाही.